नागद्वारची वाट आणि गाण्यांची वही

पावसाळी सहल म्हटली की आम्हा गोवेकरांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र उभे राहते. चोर्ल्याचा घाट, आंबोलीचे धुके, रस्त्याकडेला थांबवलेली गाडी, भाजलेले कणीस आणि चहा. अलीकडे पदभ्रमणाचे गटही झाले आहेत. रविवारी सत्तरीतल्या नाहीतर सांग्यातल्या धबधब्यांवर मंडळी चालत जातात. चांगलीच गोष्ट आहे. पण भर पावसात चिखल तुडवत, डोंगरामागून डोंगर चढत, घरातल्या म्हातारीपासून शाळकरी पोरीपर्यंत सगळ्यांनी मिळून चालायचे, ही काही हल्लीची टूम नव्हे. आषाढीला आपल्या गोव्यातून पंढरपूरला पायी दिंड्या जातात, हे आपण पाहतोच. तशीच एक पायवाट सातपुड्यात आहे. तिचे नाव नागद्वार. त्या वाटेविषयी, आणि त्या वाटेवर मला भेटलेल्या मराठीविषयी, आज चार शब्द लिहायचे आहेत.

आधी माणसे कुठली ते सांगतो. नागपूरहून उत्तरेला निघाले की दोन रस्ते सातपुड्यात शिरतात. एक पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, दुसरा सौसरवरून छिंदवाड्याला. ही दोन्ही गावे महाराष्ट्राच्या सीमेला अगदी लागून आहेत, पण आहेत मध्य प्रदेशात. २०२३ पर्यंत ती छिंदवाडा जिल्ह्यात होती. त्या वर्षी पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौसर तालुका त्यात आला. सगळा संत्र्यांचा आणि कापसाचा मुलूख. पांढुर्ण्याचे नाव बाहेर ऐकू येते ते बहुधा गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णेकर आणि दुसऱ्या काठावरून सावरगावकर एकमेकांवर दगड फेकतात. वर्तमानपत्रांना या गावात तेवढेच दिसते. गावातली माणसे घरी मराठी बोलतात, ही काही बातमी होत नाही.

१९५६ पर्यंत हा सगळा प्रदेश ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. पांढुर्णा-सौसरची मराठी माणसे आपल्या घरात, आपल्या शेतातच राहिली. सरकारी कागदावरची भाषा तेवढी एकच उरली. सरकारी कागदांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला या गोष्टीचे वजन चटकन कळते.

माझी मावसबहीण लग्न होऊन सौसरला गेली त्याला वीस-बावीस वर्षे झाली. भावोजींची संत्र्यांची बाग आहे. त्यांच्या घरातून दरवर्षी नागपंचमीच्या आधी पंधरा-वीस जणांचा जथा नागद्वारला जातो. २०२४ साली मी चार दिवसांची किरकोळ रजा टाकून त्यांच्यात सामील झालो. "गोव्याचे साळेबुवा चालतीन का एवढं?" हा प्रश्न मी पोचण्यापूर्वीच घरात चर्चेला येऊन गेला होता, असे ताईने नंतर सांगितले.

त्या वर्षी ५ ऑगस्टला श्रावण लागला आणि वारही सोमवारच होता. रात्री दोन जीप भरून आम्ही निघालो. आम्ही एकोणीस जण. सर्वांत मोठ्या ताईच्या सासूबाई, वय ७२. सर्वांत धाकटी भाची, यंदा दहावीत. सौसर सोडले, रामाकोना मागे पडले आणि सिल्लेवानीच्या घाटात पावसाने गाठले. भावोजींचे काका माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या तरुणपणी जीप कुठली! सौसरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीत बसायचे, छिंदवाड्याला उतरायचे, पुढे परासियाच्या बाजूने मिळेल त्या वाहनाने आणि पायी. ती नॅरोगेज २०१५ साली बंद झाली आणि त्या जागी रुंद रूळ आले. काका म्हणाले, "गाडी धावून राह्यली आता बरोबर, पन तवा गाडीतच अर्धी जत्रा होऊन जाये." छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असे करत पहाटे आम्ही पचमढीला पोचलो.

पचमढी हे समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवरचे थंड हवेचे ठिकाण. जिल्हा नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड येथेच आहे, उंची सुमारे १,३५० मीटर. समोर चौरागडाचा डोंगर दिसतो. महाशिवरात्रीला लोक नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन तो चढतात आणि शिखरावरच्या देवळापाशी त्रिशुळांचे रान झालेले आहे. विदर्भातली माणसे या सगळ्या परिसराला 'मोठा महादेव' म्हणतात. नागद्वार मात्र वर्षातून एकदाच उघडते. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते, म्हणून नागपंचमीच्या आसपासचे दहा-एक दिवस सोडले तर तिकडे जाता येत नाही. धूपगडाच्या रस्त्यावरून वाट खाली उतरते आणि मग डोंगर, दरी, ओढा, पुन्हा डोंगर असे करत पद्मशेषाच्या गुहेपर्यंत जाते. जाऊन येईपर्यंत साधारण दोन दिवस मोडतात. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, कुठे दोर आहेत, आणि कुठे नुसता पुढच्या माणसाचा हात आहे.

चालायला सुरुवात करण्यापूर्वी भावोजींनी नियम सांगितले. एकट्याने पुढे जायचे नाही. सर्वांत हळू चालणारी आजी, तेव्हा आजी सर्वांत पुढे. तिच्या पावलाने सगळे चालणार. सर्वांत शेवटी भावोजी स्वतः. दर शिडीनंतर माणसे मोजायची. शिधा वाटून घ्यायचा, पण काडेपेटी दोघांकडे, वेगवेगळ्या पिशव्यांत. मी मनात म्हटले, आमच्या खात्यात एखाद्या परिपत्रकाला तीन पाने लागली असती. येथे पाच वाक्यांत काम झाले आणि ते पाळलेही गेले.

हवेचा मात्र कशावरच भरवसा नव्हता. पहिल्या उतारावर धुके इतके दाट की समोरच्याचा पाठीवरचा पिवळा प्लास्टिकचा कागद तेवढा दिसे. अर्ध्या तासात धुके फाटले आणि ऊन असे पडले की ओले कपडे अंगावरच वाफाळू लागले. समोर सागाचे रान, पलीकडे सालाची उंच झाडे. हे दोन्ही वृक्ष जेथे भेटतात अशा थोड्या जागांपैकी पचमढी एक आहे. दगड वालुकाश्माचा. आमच्या गोव्याचा जांभा पावसात शेवाळतो आणि पाय ठेवू देत नाही. हा दगड ओला झाला तरी खरखरीत, पायाला धरून ठेवणारा. पण जेथे माती आहे तेथे लोण्यासारखी घसरण. ऊन आले म्हणून मी डोक्यावरचा कागद काढून घडी घालीत होतो, तर मागून एक अनोळखी आजोबा म्हणाले, "ठेवू नका जी आत, येऊन राह्यला पुन्हा." घडी पुरी व्हायच्या आत सर आली.

वाटेवर मंडळांचे भंडारे लागतात. वर्धा, नागपूर, अमरावती, कुठली कुठली मंडळे. धान्य, तेल, मोठाली पातेली, सगळे डोक्यावरून त्या डोंगरात आणलेले. कुठे खिचडी, कुठे पोहे, कुठे नुसता गरम चहा. कोणी नाव विचारत नाही, गाव मात्र हटकून विचारतात. मी 'गोवा' म्हटले की वाढणाऱ्याचा हात थांबे. एकाने तर शेजाऱ्याला हाक मारून सांगितले, "पाय रे, समुद्राकडून आला मानूस!" आणि मला दुप्पट खिचडी मिळाली.

दुपारी आम्ही एका ओढ्याशी पोचलो तेव्हा तो फुगला होता. वर कुठेतरी डोंगरात जोराचा पाऊस झाला असावा, कारण आमच्या डोक्यावर त्या क्षणी फक्त भुरभूर होती. पाणी तांबडे, वेगाने जाणारे, फार तर मांडीभर; पण भावोजींनी एका दगडावर खूण धरली आणि सांगितले, "हा गोटा उघडा पडेपर्यंत कोनी पाय टाकाचा नाही." मागून येणारे जथे येऊन थांबू लागले. शे-दीडशे माणसे जमली असतील. काही तरुण पोरे पलीकडे जायला उतावीळ झाली होती. त्यांना आजीने असा काही आवाज दिला की ती मुकाट्याने खाली बसली.

थांबायचे म्हणजे थंडी वाजते. ओले कपडे, वारा, बसायला कोरडी जागा नाही. भावोजी गप्प होते. मी विचारले तर म्हणाले, "बागेत फळगळ होऊन राह्यली असन." आंबिया बहराची संत्री या दिवसांत झाडावर हिरवी असतात. सतत पाऊस लागला की ती पिकण्याआधीच गळून पडतात आणि वर्षाचा हिशोब चिखलात जातो. येथे पडणारी प्रत्येक सर त्यांना सौसरला पडताना दिसत होती. तरी माणूस दरवर्षी येतो. का, ते मी विचारले नाही.

तेवढ्यात आजीने गाणे धरले. महादेवाची गाणी हा विदर्भातल्या आणि या सीमाभागातल्या बायांचा मोठा ठेवा आहे. पार्वतीचे रुसणे, महादेवाचे भोळेपण, डोंगराची चढण, वाटेतली करवंदे, नणंद-भावजयीचे टोमणे, सगळे त्यात येते. आजीने एक ओळ म्हटली, आमच्या बायांनी ती उचलली, आणि मग पलीकडच्या जथ्यातून दुसरी ओळ आली. त्या बाया मोर्शीकडच्या होत्या. तिसऱ्या कडव्याला मागून एक डफ वाजू लागला. कोणी कोणाला ओळखत नव्हते. गाणे मात्र सगळ्यांच्या ओळखीचे होते. कडव्याच्या एखाद्या ओळीत फरक निघाला की हशा पिके आणि दोन्ही पाठ म्हणून होत. तास-सव्वा तास असा गेला. ओढ्यातला गोटा कधी उघडा पडला, ते काकांनी दाखवल्यावर कळले. मग हाताला हात धरून, आजीला मधे घेऊन, आम्ही पार झालो. पलीकडे गेल्यावर पहिले काम माणसे मोजण्याचे. एकोणीस.

गाणे चालले होते तेव्हा भाची माझ्याजवळ एका प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून काहीतरी सांभाळत बसली होती. ती शाळेची शंभर पानी वही निघाली. दोन वर्षांपासून ती आजीची गाणी उतरवून घेत होती. ओळीला फरक निघाला की ती बोटावर मोजून लक्षात ठेवी. रात्री मुक्कामाच्या जागी, ताडपत्रीखाली, विजेरीच्या उजेडात मी ती वही पाहिली.

भाचीचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले. मराठी ती लिहायला कधी शिकलेलीच नाही. हिंदीत 'ळ' नाही, म्हणून तिच्या वहीत 'डोळा' शब्द 'डोला' झाला होता, 'काळा' 'काला' आणि 'कपाळ' 'कपाल'. पण गंमत त्याहून पुढची आहे. आजी गाते तेव्हा ती 'डोळा'ही म्हणत नाही. वऱ्हाडी-नागपुरी वळणाप्रमाणे 'डोया' म्हणते, 'काया' म्हणते, 'सकाळ'ला 'सकाय' म्हणते. म्हणजे आजीच्या तोंडात एक शब्द, नातीच्या वहीत दुसरा, आणि माझ्या पदवीच्या पुस्तकांत तिसरा. आणि मी घरी आईशी बोलतो तेव्हा म्हणतो 'दोळो', तो चौथा!

"मामा," भाची म्हणाली, "तुमची मराठी शुद्ध आहे. वही तपासून देता का? मंग मी फेअर करतो." (मुलीही तिकडे 'करतो'च म्हणतात.)

मी हो म्हटले, आणि रात्रभर त्या 'शुद्ध' शब्दाशी झटत राहिलो. आम्हा गोव्यातल्या मराठी वाचकांची स्थिती जरा उलटी आहे. आपण मराठी वाचतो, लिहितो, मराठी नाटके बसवतो, कीर्तनाला बसतो. नागपंचमी झाली की लगेच वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह येतो. शंभराहून जास्त वर्षे तेथे अखंड भजन चालते आणि अभंग मराठी असतात. पण टाळ खाली ठेवला की आपापसात आपण कोंकणीत बोलतो. भजनात मराठी आणि भांडणात कोंकणी! १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी ही राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापरालाही जागा मिळाली. प्रत्यक्षात कचेरीत माझ्या टेबलावरच्या बहुतेक फायली इंग्रजीत असतात, तो भाग वेगळा. सांगायचा मुद्दा असा की आमची मराठी हातात आहे. लेखणीची, पुस्तकाची, रंगमंचाची. सौसरची मराठी तोंडात आहे. आमच्याकडे ती लिहिली जाते म्हणून टिकली. त्यांच्याकडे ती लिहिली जात नाही आणि तरीही टिकली. शाळेने नाही, कचेरीने नाही, तर मग कोणी टिकवली? मला त्याचे उत्तर ओढ्याकाठी मिळाले असे वाटते. दीडशे अनोळखी माणसांना थंडीत धीर धरून बसवायचे होते, आणि त्या कामाला लागणारी गाणी त्यांच्यापाशी मराठीत होती. भाषा कामाला लागली की जगते. अभिमानाचे भाषण त्या ओढ्याकाठी कोणी केले असते तर पोरे कधीच पाण्यात उतरली असती.

दुसऱ्या दिवशी पद्मशेषाची गुहा झाली. दर्शनाची रांग, अंधार, ओला दगड, आणि आत एका वेळी थोडीच माणसे. बाहेर पडल्यावर आजीने काजरीची गोष्ट सांगितली. काजरी नावाच्या बाईने मूल व्हावे म्हणून नागदेवाला काजळ घालण्याचा नवस बोलला. मूल झाले. ती काजळ घालायला गेली, तर नागदेवाचे रूप पाहून तिचा प्राणच गेला. वाटेवरच्या काजरी गावाला तिचेच नाव आहे, असे सांगतात. गोष्ट संपल्यावर आजी म्हणाली, "नवस फेडाले गेली ना पन. पाठ नाही दाखवली." या गोष्टीत नेमके काय ध्यानात ठेवायचे, ते तिने एका वाक्यात सांगून टाकले.

परतताना एका वळणावर ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या माणसांची नावे पुकारत होते. निवेदन हिंदीत होते. एका बाईचा नवरा सापडत नव्हता. दोनदा पुकारा झाला. मग तिने माइक स्वतःकडे घेतला आणि आपल्या बोलीत, नाव न घेता, "अहो, कुठी बसले जाऊन? मी इथंच हावो" एवढेच म्हणाली. रांगेतून पाच मिनिटांत एक गृहस्थ ओशाळे हसत पुढे आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरकारी व्यवस्थेला मी नावे ठेवत नाही, ती आपले काम चोख करत होती. पण आपल्या माणसाचा आवाज आपल्या बोलीत आला की कान आधी उठतात, हे खरे.

वही माझ्याबरोबर गोव्यात आली. चार-पाच रविवार मी तिच्यावर घालवले. तांबड्या शाईचे पेन पहिल्याच दिवशी कपाटात ठेवून दिले. भाचीकडून फोनवर आजीच्या आवाजातली गाणी मागवली, एकेक ओळ थांबवून ऐकली आणि शेजारच्या पानावर जशी ऐकू आली तशी उतरवली. 'डोया'ला 'डोया'च ठेवले, 'काया'ला 'काया'. मोर्शीच्या बायांची वेगळी ओळ भाचीने आठवून सांगितली, तीही बाजूला लिहिली. शेवटच्या पानावर 'ळ' हे अक्षर मोठे काढले, कसे गिरवायचे त्याचे बाण दाखवले आणि खाली दहा शब्द दिले: डोळा, काळा, कपाळ, सकाळ, आभाळ... तिच्या आजीने म्हटलेले एक, पुस्तकातले एक, असे दोन्ही तिला लिहिता आले पाहिजेत. त्यांतले कुठले कधी वापरायचे, ते तिचे ती ठरवील.

दिवाळीच्या सुमारास वही टपालाने सौसरला पाठवली. आठवड्याने भाचीचा फोन आला. पाच पाने गिरवून झाली होती. मागून आजीचा आवाज ऐकू येत होता. 'आभाय' असा शब्द उच्चारून ती नातीला विचारत होती, की एवढ्याशा गोष्टीला एवढे वाकडे अक्षर कशाला लागते. भावोजींनी फोन घेतला. फळगळ झाली होती, पण अर्धी बाग वाचली, म्हणाले. आणि पुढच्या वर्षी किती दिवसांची रजा मिळते, ते आधी कळवायला सांगितले.